रेडिओ गप्प बसली तेव्हा

तिला आम्ही रेडिओ म्हणायचो. सकाळी दात घासताना सुरू व्हायची, ती दिवा मालवल्यावरही चालूच. वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत, मानसशास्त्राच्या एकाच वर्गात. मी तिच्या बडबडीला इतकी सरावले होते की ती घरी गेली की खोली खायला उठायची.

तिच्या घरी सगळेच बोलके. वडिलांचं चष्म्यांचं दुकान. एक फ्रेम विकेपर्यंत गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची चौकशी करून मोकळे. फक्त तिचा दादा बोलायचा नाही. कॉलेज सोडून तो वर्षभर दार लावून पडून होता, आणि दाराबाहेर घरची माणसं त्याची शांतता ऐकू येऊ नये म्हणून आणखीच मोठ्याने बोलत होती. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी त्याला हळूहळू बाहेर काढलं. त्यांनी काय केलं असं रेडिओने विचारलं, तर दादा म्हणाला, "काही नाही गं. माझं ऐकत बसल्या." तेवढ्यावर ही पोरगी मानसशास्त्राला आली. आणि नेमकं ऐकणंच तिला जमेना!

आमच्याकडे रुग्णालयातल्या प्रशिक्षणाला जायचं तर आधी मुलाखतीची परीक्षा द्यावी लागते. एक विद्यार्थी समुपदेशक होतो, दुसरा रुग्ण. रुग्णाला मॅडम चिठ्ठीवर भूमिका लिहून देतात आणि शेजारच्या खोलीत बसून बघतात. मधल्या भिंतीत मोठी काच असते, आमच्या बाजूने आरसा, त्यांच्या बाजूने खिडकी. नियम कडक. नाटक मध्येच मोडलं की शून्य. रेडिओ एकदा आपटली होती, कारण समोरचा क्षणभर थांबला की ही सल्ल्यांची टाकी उघडायची. एका रुग्णाला तर तिने डोळे तपासून घ्यायला सांगितलं होतं. या खेपेला वडिलांनी बजावलं होतं, "यंदा नापास झालीस तर गाशा गुंडाळायचा आणि दुकानात येऊन बसायचं."

माझं वेगळंच चाललं होतं. मला जगावंसं वाटत नव्हतं. स्पष्टच लिहिते, कारण तेव्हा कुणालाच स्पष्ट सांगितलं नव्हतं. कारण विचाराल तर धड एक कारणही नव्हतं. झोप येईना, अन्न गोड लागेना, आणि सकाळ उजाडली की पुन्हा एक अख्खा दिवस ढकलायचाय या विचाराने रडू यायचं.

तुम्ही म्हणाल, सगळा वर्ग मानसशास्त्राचा, मग कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? अहो, मानसशास्त्राचा होता म्हणूनच! नवा धडा सुरू झाला की तो आजार अर्ध्या वर्गाला व्हायचा. स्मृतिभ्रंशाच्या आठवड्यात मी किल्ली विसरले, तर रेडिओने माझा निरोपसमारंभ उरकला होता. रोजच लांडगा आला रे आला, मग खरा आला तेव्हा बघायला कोण वळणार? नैराश्याचा धडा झाल्यावर एकदा मी धीर करून म्हटलं, "अगं, मला हल्ली काहीच नकोसं झालंय." ती वहीतून मान वर न करता हसली. "झालं! आज बाईसाहेबांना सातवा धडा झाला." मीही हसले. पुन्हा तो विषय काढला नाही. हळूहळू माझ्या वस्तू तेवढ्या वाटून टाकायला लागले. माझा राखाडी स्वेटर रेडिओला दिला. "मला नको आता," म्हटलं. ती खूश.

परीक्षेच्या दिवशी चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडल्या आणि तिच्या वाट्याला रुग्ण म्हणून मीच आले. खोली गारठलेली. दोन खुर्च्या, मध्ये बुटकं टेबल, भिंतीवर टिकटिकणारं घड्याळ. रेडिओ माझाच स्वेटर घालून बसली होती आणि घाबरून बाहीचा एक धागा ओढत होती.

माझ्या भूमिकेत होतं: नोकरी गेलेली कारकूनबाई, झोप नाही, नवऱ्याशी वाद. मी सुरुवात नीट केली. "साहेबांनी कामावरून काढलं मला."

"मग आता घरी कसं चाललंय?" तिने विचारलं आणि तोंड गच्च मिटलं. सल्ला जिभेवर आलेला मला दिसत होता. तिने तो गिळला आणि थांबली.

इतकी शांतता आम्हा दोघींमध्ये कधी झालीच नव्हती. त्या शांततेत कारकूनबाईच्या आडून बोलणं मला फार सोपं वाटलं.

"घरी सगळं आवरून झालंय," मी म्हणाले. "लोकांची पुस्तकं परत केली. कुंड्या शेजारणीला दिल्या. एक चांगला स्वेटर होता, तो मैत्रिणीला दिला. मागे कुणाला त्रास नको."

रेडिओचा हात थांबला. तिने बाहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिने ओळखू नये असं वाटत होतं, आणि ओळखावं म्हणून जीव तळमळतही होता.

ती उठली, टेबल सरकवलं आणि माझ्यासमोर खाली बसली.

"ए, हे त्या बाईचं नाहीये. हे तुझं आहे."

"चिठ्ठीतलंच बोलतेय मी," मी पुटपुटले. "खुर्चीवर बस, वेडे. शून्य मिळेल."

"मिळू दे. खरं सांग. तू मरायचा विचार करतेयस?"

असं सरळ विचारावं, विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येत नाही, हे आम्ही सगळ्यांनी घोकलं होतं. पण तो प्रश्न कुणी मला विचारेल, असं मला वाटलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले.

त्यावर ती काहीही बोलली नाही. माझे हात धरून बसून राहिली, आणि मी रडत, अडखळत सगळं सांगून टाकलं. मॅडम धावत आत आल्या तरी तिने हात सोडले नाहीत. मॅडमनीच फोन केले, गाडी मागवली. गाडीत मी थरथरत होते. रेडिओने स्वेटर काढून माझ्या अंगावर घातला. "तुझा आहे," एवढंच म्हणाली. जिथे तिला शिकायला जायचं होतं, त्याच रुग्णालयात ती मला घेऊन गेली.

तिला शून्य मिळालं. मॅडमनी विद्यापीठात शब्द टाकून पाहिला, पण परीक्षा पुरी झाली नाही तर गुण कसले, असं उत्तर आलं. त्या उत्तराचा मला अजून संताप येतो. वडील तिला न्यायला आले, सोबत दादा. वडिलांनी सामान उचललं, तेव्हा दादा दारात उभा राहिला. "मला वर्षभर सांभाळलंत ना? मग तिलाही एक वर्ष द्या." वडिलांनी सामान खाली ठेवलं.

आता ती त्याच रुग्णालयात समुपदेशक आहे, आणि बाहेर आली की अजूनही कुणाला बोलू देत नाही. मला मात्र तिच्या तिसऱ्या परीक्षेची सकाळ आठवते. वर्षभर औषधं, आठवड्याला डॉक्टरांकडे बसणं, एक पाऊल पुढे तर दोन मागे, असं करत मी तिथवर आले होते. पुन्हा थंडी पडली होती. रेडिओ दारात चपला घालत होती. मी कपाटातून राखाडी स्वेटर काढून तिच्या हातात दिला.

तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"उसना देतेय," मी म्हटलं. "संध्याकाळी परत आण. मला लागतो."