डावा गुडघा

माझी उंची पाच फूट अकरा इंच. एवढ्या उंचीच्या बाईला कोल्हापुरात दोनच कामं सांगतात, माळ्यावरचा डबा काढ, नाहीतर लग्नाच्या फोटोत मागं उभी राहा. मी तिसरं काम केलं. बास्केटबॉल खेळले, तेही पोटासाठी. एका सरकारी खात्यानं खेळाडू म्हणून नोकरीवर घेतलं, पगार कारकुनाचा आणि हजेरी मैदानावर. कुस्ती आणि फुटबॉलच्या या गावात आमच्या खेळाला अजून 'ते जाळीत बॉल टाकायचं' म्हणतात. म्हणोत बापडे. त्या खेळानं मला अर्धा देश दाखवला आणि डावा गुडघा खाल्ला. आता मी सत्यनारायणाच्या पूजेलासुद्धा खुर्ची मागते.

गुडघा काही एका दिवसात गेला नाही. रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उसळलेला बॉल, घेताना मुरगळला, सुजला, उतरला, परत सुजला. तेव्हा संघातल्या एका सीनियरनं मला बाजूला घेऊन शहाणपण शिकवलं. नीकॅप दुखऱ्या पायाला लावायचीच नाही, चांगल्या पायाला लावायची. समोरची खेळाडू नीकॅप बघते आणि नेमकी त्याच गुडघ्यावर येऊन आदळते. निवड करणारेही तोच गुडघा निरखतात, आणि तो ठणठणीत पळताना दिसला की समाधानानं मान हलवतात. दुखऱ्या पायाला काही लावायचं नाही, दात आवळून खेळायचं. आमच्या संघात निम्म्या मुली अशाच खेळत होत्या. शेवटची चार वर्षं मीही तशी खेळले आणि मग कायमची ऑफिसातल्या टेबलाशी जाऊन बसले. टेबलाखाली पाय लांब करता यावा म्हणून मी कोपऱ्यातली जागा मागून घेतली होती.

निवृत्ती घेऊन कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या घरी परत आले आणि महिनाभरात घरात बसून वेड लागायची पाळी आली. जवळच्या एका शाळेचं सिमेंटचं कोर्ट सकाळी रिकामं असायचं. तिथं मुलींना शिकवायला लागले. बहुतेक मुली क्लासच्या आधीचा तास घालवायला यायच्या. दहावी जवळ आली की आया त्यांना काढून न्यायच्या, आणि जाता जाता मलाच दोन गोष्टी ऐकवायच्या. अशी कितीतरी वर्षं गेली. माझ्या हाताखालची एकही मुलगी राज्याच्या संघापर्यंत पोचली नाही. मी हसून सांगायचे, पण आत जळायचे.

मग कोडोली गावची ती आली. सोळा वर्षांची, माझ्या खांद्याच्या वर, हात असे की बॉल त्यात लिंबासारखा दिसावा. वडिलांच्या चार म्हशी आणि थोडा ऊस. पहिल्या एसटीनं यायची आणि एक दिवस चुकायची नाही. पहिल्या आठवड्यात मी तिला मुद्दाम घालूनपाडून बोलले, कारण फार खूश झाले होते आणि ते दिसू द्यायचं नव्हतं. दोन वर्षं तिला घडवलं. राज्याच्या संघात निवड झाली की प्रमाणपत्र, प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी, हा रस्ता मी तिच्या घरी जाऊन ओट्यावर बसून समजावून सांगितला होता. वयोगटाचं तिचं ते शेवटचं वर्ष होतं.

आणि माझी जीभ. पावसानं कोर्ट ओलं झालं की मुलींना शेडमध्ये बसवून मी जुने किस्से सांगायचे. नीकॅपचा किस्सा माझा हुकमाचा. निवड करणाऱ्यांना कसं बनवलं ते मी नकला करून सांगायचे आणि मुली लोटपोट व्हायच्या. आपण काय पेरतोय हे मला त्या वेळी कळलं नाही. कळायला हवं होतं.

निवड चाचणीला महिना उरला असताना ती उजव्या गुडघ्याला नीकॅप लावून आली. मी विचारलं तर म्हणाली, "उजवा जरा धरलाय मॅडम. खेळतो की मी." आमच्याकडच्या मुली मुलग्यांसारखं 'खेळतो, येतो' असंच बोलतात, मीही तशीच बोलायचे आणि बाहेरगावच्या मुली मला हसायच्या. मी तिचा उजवा गुडघा दाबून पाहिला, बर्फ लावला, पट्टी बांधली. तीन आठवडे रोज. तीन आठवडे मी एका धडधाकट गुडघ्याची सेवा केली. ज्या बाईनं आयुष्यभर हीच लबाडी केली, तिला ती समोर दिसू नये?

चाचणीच्या आठ दिवस आधी दिसली. कोर्टावर यायला सहा पायऱ्या उतराव्या लागतात. मी खाली उभी होते. ती कठडा धरून उतरत होती, प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय टेकवायची आणि मग उजवा त्याच्या शेजारी आणायची, लहान मुलं उतरतात तशी. मी स्वतः गेली कितीतरी वर्षं अशीच उतरते, दुखरा पाय आधी. मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं पायरीवरची नजर उचलली, मी तिच्या डाव्या पायाकडं बघत होते. ती तिसऱ्या पायरीवर थांबली. थांबूनच राहिली.

मी म्हणाले, "उशीर झालाय. वॉर्मअप कर."

त्या आठ दिवसांत मी स्वतःला काय काय सांगितलं. की सूज थोडीच असेल. की मीही चार वर्षं खेळलेच ना. की आत्ता थांबवलं तर पोरीचं वय निघून जाईल, आईवडील तिला उजवून टाकतील, आणि मग जन्मभर ती माझ्या नावानं बोटं मोडेल. सगळं खरं होतं आणि सगळ्याच्या बुडाशी एक खोट होती. ती निवड मला हवी होती. तिच्यासाठी हवी होती असं मी लोकांना सांगत आले. मला माझ्यासाठी हवी होती.

चाचणी साताऱ्याला होती. एसटीत ती माझ्या शेजारी बसली, डावा पाय मधल्या वाटेत लांब करून. अडीच तास मी तिला बचावाचे डाव समजावत होते. कऱ्हाडला गाडी थांबली तेव्हा खेळू नकोस म्हणून सांगावं असं वाटलं. चहा घेतला आणि परत येऊन बसले.

ती खेळली मात्र अशी की मी खुर्ची सोडून उभी राहिले. उंचीला उंची, पण वळणं काय, हात काय. निवड करणाऱ्यांपैकी दोघं आपापसात तिच्याकडं बोट दाखवत होते. मग रिबाउंडसाठी ती उडाली, बॉल दोन्ही हातांत घेऊन खाली आली आणि तशीच कोसळली. ओरडली नाही. दोन्ही पाय पोटाशी घेऊन कुशीवर पडून राहिली. एक माणूस स्प्रेचा डबा घेऊन धावला आणि त्यानं नीकॅप बघून उजवा गुडघा धरला. मी कोर्टाच्या पलीकडून ओरडले, "डावा. डावा बघा."

ती अजून एक शब्दही बोललेली नव्हती. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. तिनं फक्त मान वळवून माझ्याकडं पाहिलं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

ऑपरेशन कोल्हापुरात झालं. डॉक्टर म्हणाले, लिगामेंट आधीच अर्धं फाटलेलं होतं, महिन्याभरापूर्वी विश्रांती दिली असती तर कदाचित निभावलं असतं. आता गुडघ्यातली गादीही गेली. ती चालू शकेल, पण पुन्हा खेळणं धोक्याचं. दवाखान्यात मी रोज जायचे, फळं द्यायचे, तिच्या आईशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे. तिच्याशी डोळे भिडवत नव्हते.

शेवटी महिन्यानं कोडोलीला गेले. ती आतल्या खोलीत खाटेवर होती, दार उघडंच होतं. तिच्या आईनं न सांगता माझ्यासाठी खुर्ची मांडली. चहा यायच्या आधीच मी बोलून टाकलं, कारण चहा प्याले असते तर परत गप्प बसले असते. तिच्या वडिलांना म्हणाले की डावा पाय दुखतोय हे मला आठ दिवस आधी कळलं होतं, मी तिला थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही. ते चिडतील, बोलतील, हाकलून देतील, याची मी तयारी करून गेले होते.

ते म्हणाले, "म्हाईत हाय की."

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं, "म्हस लंगडली तर आमाला लांबनं कळतंय मॅडम. पोरगीचा पाय दिसला न्हवता व्हय? हिच्या आईनं रोज शेकून दिला. जाऊ नको म्हणून आम्ही दोघं मागं लागलो हुतो. एक दिवस पोरगी घरला आली आन म्हणाली, आज मॅडमनी बघितलंय. काय बोलल्या न्हाईत, म्हंजे चालतंय. मग आम्हीबी गप बसलो. त्यातलं आमाला काय कळतंय, तुमाला कळतंय."

त्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी खुर्चीचा हात धरून बसले. मग ते म्हणाले, "आता डॉक्टर म्हणतोय खेळू नको, आन ही म्हणत्या खेळतो. तुमी सांगा. तुमी सांगशीला तसं करू."

दोघं नवराबायको माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले. आतली खाट करकरली.

"खेळायचं नाही," मी म्हणाले. आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले.

आत ती रडायला लागली. तिची आई आत गेली. वडिलांनी मला का म्हणून विचारलं नाही. "बरं," म्हणाले, आणि धारेची वेळ झाली होती म्हणून चरवी उचलून गोठ्याकडं गेले.