मर्व्हचं पाचवं नाव

पहिली चार नावं कुणीही सांगतं. डिसेंबर सरेपर्यंत ती पेपरात छापून येतात, टीव्हीवर चघळली जातात, न्हाव्याच्या दुकानातसुद्धा पाठ झालेली असतात. खरा खेळ पाचव्या नावाचा. ऑस्करच्या नामांकनात सहाय्यक अभिनेत्रींच्या यादीत पाचवी बाई कोण, यावरून बरबँक गावातल्या एका डेलीत, म्हणजे पाव-लोणच्याच्या खानावळीत, लोणच्याच्या बरण्यांशेजारच्या गोल टेबलावर दर जानेवारीत तोंडाला फेस येईस्तोवर भांडणं व्हायची. भांडणारी माणसं सिनेमातलीच, पण पडद्यामागची आणि आता घरी बसलेली. सिड गोल्डफार्बनं उभी हयात फिल्म कापण्या-जोडण्यात घालवलेली. लुपे अरेलानोनं दोन पिढ्यांच्या नट्यांचे झगे शिवलेले. आणि आर्लीन व्होयटेक, टोपवाली. टकल्या हिरोंना केस देणारी, जोगिणींना जटा देणारी. बाई हाताची कसबी, पण तोंडानं मुकी. तिच्या वाटचं बोलणं तिचा नवरा मर्व्ह बोलायचा.

मर्व्ह शूटिंगवर आवाज नोंदवायचा. दिवसभर दुसऱ्यांसाठी गप्प बसून राहिलेला माणूस टेबलावर आला की सगळ्याचं उट्टं काढायचा. "रडणं म्हणजे अभिनय नव्हे रे," तो म्हणायचा, "नाक गळतंय फक्त. सर्दी झालेल्या पोराला देतात का बक्षीस?"

टेबलाचे नियमही त्यानंच घातलेले. नाव एकदा तोंडातून गेलं की गेलं, बदलायचं नाही. टेबलावरचा कुणी वारला, तर त्याची खुर्ची हलवायची नाही. त्याला जवळून ओळखणाऱ्या माणसानं त्याच्या वतीनं पाचवं नाव सांगायचं. मेलेला बरोबर ठरतोय तोवर टेबलावर. चुकला की उठला.

हा नियम पहिल्यांदा लागला तो गसला. शूटिंगचे दिवे सांभाळणारा गस थिओडोरू गेला, तेव्हा त्याच्या वतीनं त्याची बायको आयरीनीनं नाव सांगितलं. पहिल्याच वर्षी चुकलं. आयरीनी हातातला रुमाल पिळत बसली होती. "एक वर्ष द्या त्याला, मर्व्ह," ती म्हणाली, "नवा आहे तो तिकडं." सगळे आधी हसले, मग मर्व्हकडं बघू लागले. मर्व्ह उठला, गसची खुर्ची स्वतः उचलून काउंटरपाशी ठेवून आला. "नियम म्हणजे नियम, आयरीनी." ती बाई परत कधी त्या डेलीची पायरी चढली नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मर्व्ह गेला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मर्व्हची मेल्यावरही गेली नाही. लागोपाठ तीन वर्षं आर्लीननं त्याच्या वतीनं पाचवं नाव सांगितलं आणि तिन्ही वर्षं ते खरं ठरलं. त्याच तीन वर्षांत तिनं स्वतःचं म्हणून सांगितलेलं नाव मात्र एकदाही लागलं नाही.

"मर्व्ह वर जाऊन मतपेट्या मोजतो की काय!" लुपे म्हणायची आणि छातीवर क्रूस काढायची.

मर्व्हचं नाव कुठून येतं, हे आर्लीननं कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या खोलीत खिळ्याला त्याचा हेडफोन टांगलेला असे. तो गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात तिनं तो सहज कानाला लावला होता. ऐकायला नव्हे, वासासाठी. हेडफोनच्या गाद्यांना त्याच्या केसांच्या तेलाचा वास होता. वायर कशालाच जोडलेली नव्हती, जमिनीवर नुसती लोळत होती. आत शंखात असते तसली घुमघुम. तेवढ्यात, शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलायला तोंड उघडावं आणि आपल्याला ते आधीच कळावं, तसं काहीतरी झालं. आवाज आला नाही. नाव आलं. आर्लीनच्या मानेवरचे केस ताठ झाले. पुढच्या वर्षी भीती वाटत असतानाही ती परत त्याच खोलीत जाऊन बसली. त्या एका घडीसाठी ती उरलेलं वर्ष ढकलत होती, असं म्हटलं तरी चालेल.

यंदाच्या जानेवारीत वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता. पामची वाळकी झापं रस्त्यावर पडत होती. शुक्रवारी सगळे नावं सांगायला जमले. पाचव्या जागेसाठी झुंज दोघींची. घोड्याच्या सिनेमात धाय मोकलून रडलेली तरुण ज्युनिपर रीड, आणि दीपगृहाच्या सिनेमात बहिऱ्या सासूचं काम केलेली म्हातारी मॅरिऑन टेट्लो, जिला बोलायला जवळपास काही दिलंच नव्हतं.

"घोडेवाली," सिड म्हणाला. "डोळे मिटून घोडेवाली. त्या म्हातारीचा सिनेमा पाहिलाय कुणी? माझा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा तीही झोपलेली होती."

"ती झोपली नव्हती, मेल्या, मेली होती," लुपे म्हणाली.

"बघ! मला फरक कळला नाही. याला अभिनय म्हणायचं?"

लुपेनंही नाव घोडेवालीचंच घेतलं. मग सिडनं काळ्या पावाचा तुकडा मोहरीच्या चटणीत बुडवला आणि आर्लीनकडं रोखून पाहिलं.

"अगं आर्लीन, एक विचारू? रागावू नकोस. हा मर्व्ह-बिर्व्ह काही नाही. मर्व्ह जिवंत होता तेव्हा निम्म्या वेळा चुकायचा. ते नाव तुझंच असतं. चाळीस वर्षं तू गप्प बसून सगळं ऐकलंस, त्याचं हे पीक आहे. स्वतःच्या तोंडानं सांगायला धजत नाहीस, म्हणून त्याच्या तोंडात घालतेस."

"गप रे," लुपे म्हणाली. "त्याची खुर्ची इथं आहे, ऐकतोय तो."

आर्लीनला हा बोल जिव्हारी लागला होता. आदल्या संध्याकाळी मागच्या खोलीत टेट्लोचं नाव आलं होतं, अगदी स्पष्ट. तिला स्वतःला विचाराल तर तिचंही मत घोडेवालीकडंच होतं. आता तिला वाटलं, एकदा बघूच. टेट्लो माझ्या नावावर सांगते, घोडेवाली त्याच्या. खोलीतलं नाव लागतं की त्याच्या वतीनं सांगितलेलं, ते कळून जाऊ दे. आणि खोटं कशाला बोला, एकदा आपल्या नावावरही काही लागावं, असं तिच्या मनात आलंच.

"माझं, टेट्लो," ती म्हणाली. "मर्व्हचं, रीड."



"मर्व्ह? रडणारीला?" सिडच्या हातातला पाव तसाच राहिला.

"मरून माणूस मऊ होतो," लुपे म्हणाली. पण तिनं खुर्चीकडं पाहिलं, ते जरा वेगळंच.

नाव तोंडातून गेलं होतं. घरी परतताना आर्लीनच्या ध्यानात आलं, आपण नवऱ्याची खुर्ची जुगाराला लावली. टेट्लो आली तर मर्व्ह उठला. जे नाव त्यानंच दिलं होतं, त्याच नावानं उठला.

मंगळवारी पहाटे अंधारातच डेली उघडली. बरण्यांच्या वरच्या टीव्हीसमोर सगळे कॉफी धरून उभे. नाडीननं, तिथल्या वाढणारीनं, आवाज वाढवला. नावं आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमानं येतात, हे टेबलावर सगळ्यांना तोंडपाठ. अपेक्षित चौघी भराभर वाचल्या गेल्या. चौथीचं आडनाव पी वरून निघालं. आता रीडचा आर आला तर मर्व्ह बसला. आर ओलांडून टेट्लोचा टी आला तर उठला. आर्लीननं आपल्या आयुष्यात कुणासाठी मागितलं नसेल तेवढं त्या रडक्या पोरीसाठी मागितलं.

"मॅरिऑन टेट्लो," टीव्हीवरचा माणूस म्हणाला.

"आर्लीन!" सिड ओरडला. "अगं सटवे! लागलं तुझं! शहरभर कुणाचं लागलं नसेल!"

नाडीननं तिला मिठी मारली. "लाडके, आजचा नाश्ता माझ्याकडून."

मग हळूहळू एकेकानं कप खाली ठेवला. खुर्चीकडं कुणी पाहत नव्हतं, पण सगळ्यांना दिसत तीच होती. आर्लीनला तेव्हा कुठं उमगलं, की परीक्षाही फुकट गेली. मागच्या खोलीतलं नाव खरंच ठरलं होतं. पण ते त्याचं की आपलं, हे आजही तिथंच होतं जिथं शुक्रवारी होतं. वर आपणच त्याला उठवून बसलो.

"यंदा सोडून देऊ," लुपे पुटपुटली. "कुणाला काय कळतंय?"

आर्लीन उठली. तिनं खुर्ची दोन्ही हातांनी उचलली. वाटली होती त्यापेक्षा हलकी निघाली. काउंटरपाशी ती ठेवते न ठेवते तोच दोघं तरुण आत आले. एकानं विचारलं, "ही मोकळी आहे का?" आणि उत्तराआधीच ओढून नेली.

सिड तिच्या मागोमाग पार्किंगपर्यंत आला. वाऱ्यानं त्याची टोपी उडत होती, ती त्यानं डोक्यावर दाबून धरली होती.

"खरं सांग. मर्व्हनं घोडेवाली म्हटलं नव्हतं ना?"

आर्लीननं सगळं सांगितलं. हेडफोनचंही सांगितलं. सिड हसला नाही.

"मग तो बरोबर होता!" तो म्हणाला. "चल आत. त्या पोराच्या बुडाखालून खुर्ची काढून आणतो मी."

"आणि आयरीनीला काय सांगशील?"

सिडनं टोपी काढून हातात घेतली. "शुक्रवारी मी तसलं बोलायला नको होतं, आर्लीन."

"तू खरं बोललास की खोटं, तेच तर कळलं नाही, सिड."

ती गाडीत बसली. उजाडत होतं. किल्ली फिरवण्याआधी ती आडवी वाकली, पलीकडच्या दाराची कडी आतून उघडली आणि सरळ होऊन बसून राहिली. मागं कुणीतरी जागेसाठी खोळंबलं होतं, हॉर्न वाजवत होतं. आर्लीननं खिडकीतून हात बाहेर काढून त्याला खूण केली, जरा दम धर, एक जण यायचाय.