इटलीहून येणारं पाकीट

आमच्या भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावांनी, इटलीतल्या एका फुटबॉल क्लबासाठी जितका जीव टाकला तितका त्या क्लबाच्या गोलकीपरनेही टाकला नसेल. आयुष्यात त्यांनी फुटबॉल पाहिला तो फक्त शाळेच्या कपाटात, हवा गेलेला. तरी एक अख्खा मोसम त्यांनी आमच्या घराला त्या क्लबामागे पळवलं. स्वयंपाक, शेतावरची माणसं आणि चार लेकरं सांभाळून मीही पळाले. अजून पाय दुखतात.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. आंधळगावच्या राइस मिलमध्ये यंत्र बसवायला एक इटालियन फिटर आला आणि चार महिने आमच्या माडीवर राहिला. भासरे विधुर, अबोल. फिटरला मराठी-हिंदी येईना, यांना दुसरं काही येईना. म्हणूनच बहुधा दोघांचं फार जमलं. जाताना त्याने मला मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की त्याच्या गावाचा क्लब कित्येक वर्षांनी वरच्या विभागात चढला आहे. तो तिथे आहे तोवर मोठं वर्तमानपत्र त्याची बातमी छापेल, आणि तोवर हा दर आठवड्याला कात्रण पाठवील. खालच्या विभागाला ते वर्तमानपत्र विचारत नाही. म्हणजे क्लब घसरला की पाकीट बंद. आणि भासऱ्यांना जगात दुसऱ्या कुणाचंच पत्र येत नव्हतं.

भासऱ्यांनी भावजयीशी थेट बोलू नये, ही आमच्या घरची रीत. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी मला काही सांगायचं तर ते ओसरीच्या खांबाला सांगत. पहिल्याच पाकिटात क्लब तीन गोलांनी हरला आणि ती रीत मोडली.

"बाई, हे तीन त्याईचे का आपले?"

त्याईचे, म्हटलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पाकीट पोचायला महिना लागायचा. तरी दर रविवारी, सामन्याच्या वारी, क्लबासाठी त्यांचा उपास.

"भाऊजी, तो खेळ कधीच संपला. आता उपाशी राहून काय होणार?"

"आपल्याले कुठं मालूम हाय? मालूम नाही तवरक झाला नाही."

मी साबुदाणा भिजवायची.

हरण्याचंही त्यांच्याकडे उत्तर होतं, आणि ते धानाचं होतं. पऱ्ह्यातून, म्हणजे रोपांच्या वाफ्यातून, उपटून शेताच्या बांधीत रोवलेलं रोप आधी पिवळं पडतं, मग मूळ धरून हिरवं होतं. क्लब खालून उपटून वर लावलेला, तेव्हा पिवळा पडणारच. पानठेल्यावर लोक डिवचत, "काय पाटील, हिरवे झाले का तुमचे इटलीवाले?"

"मूळ धरून राहिले, धरून राहिले. तुले कायची घाई?"

दिवाळी झाली, धान कापून झालं, मळणी झाली, संक्रांत गेली, क्लब पिवळाच. कधी बरोबरी झाली तर भासरे गल्लीत गूळ वाटत. जिंकले तेव्हा पेढे वाटले, पण पेढे एकूण दोनदाच झाले.

उन्हाळा सरता सरता शेवटचं पाकीट आलं. तक्त्यातली खालची तीन नावं घसरतात, हे एव्हाना आमच्या गड्यालाही ठाऊक होतं. त्यात आपलं नाव होतं. सोबत चिठ्ठी होती: माफ करा.

भासऱ्यांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाले, "बिचारा. त्याच्या घरी कोन गेलं असन बसाले?"

कुणाकडे दुःख झालं की आमच्याकडे माणसं जातात आणि काही न बोलता नुसती बसून येतात. इटलीला कसं जाणार?

पुढच्या रविवारी त्यांनी नागपूरच्या पेपरातून तालुक्याच्या कबड्डीची बातमी कापली, पाकिटात घातली आणि पत्ता लिहायला माझ्यापुढे ठेवली.

"भाऊजी, तो मराठी कसा वाचणार?"

"मी काय इटलीचं वाचत होतो? लिही न वो."

तेव्हापासून दर रविवारी एक कात्रण जातं. इतक्या वर्षांत उत्तर एकदाही आलं नाही. पाकीटही परत आलं नाही, त्यावरून भासरे धरून चालतात की पोचतं. पत्ता मीच लिहिते.

परवा माहेरी पत्र टाकायचं होतं. बोलता बोलता पाकिटावर हात इटलीचा पत्ता लिहून गेला. पाकीट वाया कशाला घालवायचं, म्हणून त्यात एक कात्रण घातलं आणि टाकून आले. वार मंगळवार होता; भासऱ्यांचं पाकीट रविवारीच गेलं होतं.