ताईचा डॉलर

माझ्याकडे एकोणिसाव्या शतकातले अकरा अमेरिकन चांदीचे डॉलर आहेत आणि त्यांतला एकही मला आता बघवत नाही. ठाण्याच्या नाणे-प्रदर्शनात लोक मला जाणकार म्हणतात. म्हणोत बापडे.

बारावा ताईचा. वडील गोदीत कारकून होते, त्यांना तो एका खलाशाने दिलेला. ताईच्या लग्नात त्यांनी तो तिच्या ओटीत घातला. तेव्हापासून तो कोपरला तिच्या सासरी, देव्हाऱ्यात. दर लक्ष्मीपूजनाला त्याला हळदकुंकू लागायचं. पण ताई पहिल्यापासून आळशी, घासायची कधीच नाही. म्हणून त्याच्यावरची जुनी सावळी झाक शाबूत होती. घासलेल्या नाण्याला संग्राहक विचारत नाही, हे तिच्या गावीही नव्हतं. गरुडाखालची दोन बारीक अक्षरं, म्हणजे टांकसाळीची खूण, तीही तिने पाहिली नव्हती. मी पाहिली होती, भिंगातून. त्या टांकसाळीचे त्या सालचे डॉलर फार थोडे उरलेत. माझ्या अकरांच्या एकत्र किमतीहून तो एकटा भारी होता.

गेल्या दिवाळीत तिने सहज विचारलं, "अरे, तुला कळतं ना यातलं? काय येईल रे याचं?"

मी तो उगाच उलटसुलट केला. "काय येणार? नुसता चांदीचा भाव. काळा पण पडलाय."

सहा महिने गप्प बसायचं आणि मग चांदीच्या भावाने आपणच घ्यायचा, असा बेत होता. नाण्यांच्या बाजारात याला हुशारी म्हणतात. सख्ख्या बहिणीशी केली की काय म्हणतात, ते मला माहीत आहे.

मार्चमध्ये तिच्या नातवाचं बारसं झालं. बाळाच्या पायात चकचकीत नवे वाळे होते.

"छान आहेत ना? तो डॉलर मोडला सोनाराकडे," ताई म्हणाली. "तू म्हणालेलास ना, नुसती चांदी."

मी वाकून एक वाळा बोटाने फिरवून पाहिला.

"खरं तर तुलाच देणार होते रे. लहानपणी केवढा हट्ट करायचास त्याच्यासाठी! पण म्हटलं, तुझ्याकडे एवढे भारी भारी. या काळ्याचं तुला काय कौतुक?"

तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. ते पाय झाडत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी, जाणकार माणूस, वाळे छान आहेत म्हणालो.