धावपट्टीवरची रास

परवा नळदुर्गजवळ ज्वारीच्या मळणीची धूळ नाकात गेली आणि ती जुनी दुपार आठवली.

तरुणपणी मला विमान उडवायचं वेड होतं, पण शिकणं परवडत नव्हतं. सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी असते, तसं सभासदांनी मिळून एक लहान विमान ठेवायचं आणि पाळीपाळीनं उडवायचं, असा क्लब आमच्याकडच्या जुन्या धावपट्टीवर आहे, असं कुणीतरी सांगितलं. मी लगेच मोटारसायकल काढली.

धावपट्टीवर ज्वारीची रास पडली होती. एक म्हातारी सुपानं उफणत होती.

"चपला काढा, रास हाय."

मी अनवाणी उभा राहिलो. डांबर पोळत होतं, भुसकट टोचत होतं. क्लबचं विचारलं.

"कसला कलब? इमान तर म्या इथं कवाच बगितलं न्हाय." मग ती एकदम घाबरली. "येनार हाय का? आदी सांगा बरं, रास उचलावी लागंल."

"सांगतो, मावशी."

पुढं जिथं तिथं विचारलं. तसा क्लब कुठंच मिळाला नाही. आता तर डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. उभ्या जन्मात धावपट्टीला पाय लागले ते तेवढेच, तेही अनवाणी.

आणि मावशीला सांगायचं राहूनच गेलं, की रास राहू द्या, विमान येत नाही.