वर्ना क्लेम्के आणि सायलोची भिंत

वर्ना क्लेम्के नराबिल गावातच जन्मली, तिथेच नांदली, आणि नवऱ्यामागे गावातलं शेवटचं दुकान तिनं एकटीनं रेटलं. पाव, दूध, टपाल, गॅसच्या टाक्या, सगळं एकाच काउंटरवर. बँक गेली, शाळा गेली, फुटबॉलचा संघही शेजारगावाच्या संघात मिसळला. पुढं त्याच शेजारगावानं धान्य साठवायचा उंच मनोरा, म्हणजे सायलो, चित्रानं रंगवला आणि तो बघायला गाड्या थांबायला लागल्या.

"सायलो आपल्याकडं नाही होय?" वर्ना सभेत म्हणाली. "यंदा रंगला नाही तर मी दुकानाला कुलूप ठोकणार. मग हिंडा पावासाठी साठ किलोमीटर."

सायलोच्या मालक कंपनीनं परवानगी दिली, पण सुगी सुरू होईपर्यंतच. गव्हाचा पहिला ट्रक आला की भिंतीला हात लावायचा नाही.

भिंत धुतली कॉलिन पेट्शेलनं, शेतातला फवारणीचा टँकर जोडून. तणनाशकात मिसळायचं तेल टँकरच्या तळाशी उरलेलं, ते काही त्याच्या ध्यानात आलं नाही. त्या तेलकट भिंतीवर चित्रकार तालियानं दिलेला पांढऱ्या रंगाचा हात चौथ्या दिवशी पापुद्र्यांनी सुटला.

"सगळं खरवडून साबणानं घासायला हवं," तालिया म्हणाली. "मी पुढच्या वर्षी येते."

"पुढच्या वर्षी तुला चहा कोण देणार?" वर्ना म्हणाली. "घासायला किती दिवस?"

"एकटीला बारा."

"गावाला?"

"भिंतीवर टांगलेल्या पाळण्यात दोघंच मावतात, आजी."

"मग पाळ्या लावू."

शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घेरी येणारी वर्ना पट्टा आवळून पाळण्यात शिरली. कॉलिन धावत आला.

"वर्ने, उतर खाली. चूक माझी, घासतो मी."

"तुझं धुणं बघितलंय सगळ्यांनी. चढ गुमान. बादली माझ्याकडंच राहील."

तीस मीटर वर तिनं डोळे मिटले, पण ब्रश थांबवला नाही. सहा दिवसांत भिंत कोरी झाली. मेंढ्या कातरायचं काम टाकून माणसं पाळीला आली होती.

मग तालियानं मातीचा ढीग उकरणारी मॅलीच्या झुडपी रानातली रानकोंबडी चितारायला घेतली. पहिला ट्रक आला तेव्हा शेपटीची दोन पिसं राहिली होती. तालियानं कंपनीकडं एका दिवसाची मुदत मागायला फोन उचलला.

"शब्द दिलाय," वर्ना म्हणाली. "राहू दे बांडी."

दुकानात येऊन तिनं बेकरीला फोन लावला. "शनिवारपासून पाव दुप्पट पाठव."

"गिऱ्हाईक यायला लागलं वाटतं?"

"येईल. तू पाठव."