कपाटातला डबा

औषधाच्या दुकानात एक तरुण आई बाळाच्या खाऊचा डबा हातात घेऊन उभी होती. डबा उचलायची, पुन्हा ठेवायची. तिला पाहून माझी लेक सहा महिन्यांची होती, ते दिवस आठवले.

माझी आई गावाहून नाचणीचं सत्त्व पाठवायची. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून वाळवलेलं. ते संपलं तेव्हा माझी शाळेतली नोकरी पुन्हा सुरू झाली होती. एकदा घरी करून पाहिलं, तर ते आंबलं. शेवटी दुकानातून डबा आणला, आणि आई येणार हे कळल्यावर तो कपड्यांच्या कपाटात लपवला.

दुपटं शोधताना आईला तो सापडलाच. मला रडू आलं. आईने त्यातली पूड कोमट पाण्यात कालवली, आधी स्वतः चाखली आणि मग नातीला भरवली. नातीने वाटी संपवली.

"भरलं हो तिचं पोट," आई म्हणाली. "तू जेवलीस का?"

बाळाला काय भरवावं हे तोवर मला सगळ्यांनी सांगितलं होतं. मी जेवले का, हे कुणीच विचारलं नव्हतं.